स्टिरिओतली मिरची
आज जुन्या स्टिरिओचं मागचं झाकण उघडलं आणि मिरचीच्या वासाने सटासट शिंका आल्या. उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून बायको त्यात वाळलेल्या मिरच्या टाकून ठेवायची. थोरल्या पोरीच्या हळदीला हा ऐनवेळी खरखरून बंद पडला. पोरगी हटून बसली, "गाना वाजनात नही त मी पाटवर बसाव नही." मांडवात बाया खोळंबल्या. झाकण काढून पाहतो तर आवाजाच्या बटणात लाल भुकटी गच्च बसलेली. बायको कानाशी कुजबुजली, "फुकू नका हो, मिरची शे ती!" मी कोणाचं ऐकतो? छाती भरून फुंकर मारली. भुकटी सगळी माझ्या डोळ्यांत गेली आणि दोन्ही स्पीकर असे दणाणले की बाया नाचायलाच लागल्या. मी आपला धारा गाळत उभा. ते पाहून पोरगी गळ्यातच पडली, "बाबा, रडू नका!" मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच बायकोने चिमटा काढला आणि सगळ्यांना म्हणाली, "कालपासून रडी ऱ्हायनात. पोरवर भलता जीव शे त्यासना." मरेपर्यंत तिने खरं फुटू दिलं नाही. ती गेल्यापासून पोरगी फोनवर दर वेळी तेच काढते. मी म्हणतो, हो गं, लई रडलो होतो.