पुसलेला समुद्र

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली एक म्हातारी मडम बिऱ्हाड आवरून निघाली. सामान बांधायला मदत केली म्हणून तिनं माझ्या वडिलांना एक चित्र दिलं. वडील रेल्वेत फिटर होते, आणि आम्ही शिरूरला राहायचो.

चित्रात समुद्र होता. किनाऱ्यापासून पाण्यात गेलेली, खांबांवर उभी लाकडी वाट मध्येच संपत होती. आईला तो पूल वाटला. "आर्धाच हाय की," ती म्हणाली.

"ठेकेदार पळाला आसंल," वडील म्हणाले.

मी हसून लोळले. "अगं, पूल नाही, धक्का आहे तो. बोटी लागतात तिथं."

"धक्का? आन् कुणाला दिलाय?" म्हणत तीही हसली. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. उन्हाळ्यात घोडनदीत धड पाऊल बुडायचं नाही, तेवढीच आमची पाण्याशी ओळख.

पुढं मी पुण्याला चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला गेले. तिथल्या सरांनी चित्र पाहून सांगितलं, शंभरेक वर्षांपूर्वी कुणा इंग्रजानं काढलेलं हे, जलरंगातलं, जपून ठेवा. झालं, मला शिंगं फुटली. घरी आले की चित्राबद्दल असं बोलायचे, जसं काही मीच काढलंय.

दिवाळीआधी घर झाडताना चित्राची काच तडकली. आईनं कागद बाहेर काढला. त्याच्यावर ओलीचे तपकिरी डाग पडले होते. लेकीची वस्तू स्वच्छ असावी म्हणून तिनं ते ओल्या फडक्यानं पुसले. मी एसटीतून उतरून घरी आले, तर समुद्र गेला होता. निळं पाणी फडक्यात, आणि कागदावर पेन्सिलीच्या रेघांचा धक्का तेवढा उरलेला.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. शेवटी म्हणाले, "अडाणी ती अडाणीच. पुन्हा माझ्या कशाला हात लावू नकोस." ती फडकं पिळत उभी राहिली.

तेव्हापासून ती विचारायला लागली. माझी वही असो, ओढणी असो, नोकरी लागल्यावर घेतलेला टीव्ही असो, "हात लावू का गं?" ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारायची. प्रत्येक वेळी मी "लाव की" म्हणायचे, पण माफी काही मागवेना. नको तेव्हा सुटलेलं तोंड हवं तेव्हा उघडत नव्हतं.

वडील गेले. मग मला वाटलं, आईला खरा समुद्र दाखवला की फिटेल सगळं. कोकणातल्या एका बंदरावर तिला घेऊन गेले. भरतीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्यांवर आलं होतं. ती धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"ह्यो बी आर्धाच हाय," ती म्हणाली आणि हसली. मला इतकं हलकं वाटलं. वाटलं, विसरली.

मग ती पदर खोचून दोन पायऱ्या उतरली, खाली वाकली, पाण्यापर्यंत हात नेला. आणि तिथंच थांबून तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, हात लावू का?"