ओलीवरचा रंग

डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ रंगाऱ्याला बरोबर कळला. त्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि त्याने मिठाची गुळणी धरली. बायकोने काही विचारलं तर मान हलवायची, बस. एरवी या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं. शिडीवर चढला की खालच्यांची टर उडवायचा, घरमालकिणींना फुकटचे सल्ले द्यायचा, आणि घरी आला की भाजीत मीठ कमी पडलं म्हणून जेवण होईपर्यंत वाद घालायचा. त्या वादांनी बायकोचा जीव मेटाकुटीला यायचा. आता तोच जीव वादासाठी तळमळत होता. हा असाच न बोलता गेला तर, या विचाराने तिला घास उतरत नव्हता.

दवाखान्यातून येताना मात्र तो बोलला होता. रस्त्यात एक शाळा लागली. तिचे सगळे वर्ग त्याने एका सुट्टीत एकट्याने रंगवले होते. आता तिथे दुसऱ्याच कोणाचा पिवळाजर्द रंग.

"जन्मभर भिंती रंगवल्या," तो म्हणाला, "एक उरली नाही. सगळ्यांवर दुसऱ्याचा हात फिरला. कशासाठी केलं हे सगळं?"

तिचा स्वतःचा जन्म त्याच्या कपड्यांवरचे डाग घासण्यात गेला होता.

रविवारी चर्चमधली उपासना आटोपून पाळक आले. भला माणूस, पण गोड बोलायची भारी खोड. खंत करू नका, देव करतो ते चांगल्यासाठीच, वर सगळं नवंकोरं आहे. रंगाऱ्याने डोळे मिटून ऐकून घेतलं. पाळक जिना उतरल्यावर पुटपुटला, "ओलीवर रंग मारतोय हा. पोपडे निघतील."

बायकोला ते पटलं. ओल्या भिंतीला हा माणूस कधी ब्रश लावत नसे. आधी विटेपर्यंत खरवडायचा. गिऱ्हाईकाने कितीही आदळआपट केली तरी ओल कुठून येते ते कळल्याशिवाय पुढे सरकायचा नाही.

दुपारी तिने पवित्र शास्त्र, म्हणजे घरचं बायबल, उघडलं. भक्ती वगैरे काही दाटून आली नव्हती. उठबस करून कंबरडं मोडलं होतं आणि गोड काही वाचायची ताकद उरली नव्हती. म्हणून मयताच्या वेळी वाचतात ते स्तोत्र काढलं. एरवी ती ते पान घाईने उलटायची. माणूस म्हणजे सकाळी उगवून संध्याकाळी सुकणारं गवत, वर्षं उसाशासारखी सरतात, आणि देवा, आम्हाला मातीत घालतोस तो तूच. ती रागारागानेच वाचत होती.

रंगाऱ्याने कूस बदलली. "असं लिहिलंय त्यात?"

"लिहिलंय."

"देवाला तोंडावर?"

"तोंडावरच. आणखी किती अंत पाहणार, असंही विचारलंय."

"मग हाकलला नाही लिहिणाऱ्याला?"

"हाकलला असता तर त्याचं गाऱ्हाणं शास्त्रात कशाला ठेवलं असतं?"

तो कोपरावर रेलला. "शेवटी काय म्हणतो?"

तिने बोट ठेवून पाहिलं. "आमच्या हातचं काम टिकू दे म्हणतो. दोनदा मागतो."

"म्हणजे त्याचंही पुसलंच जात होतं," रंगारी म्हणाला. "आणि तरी मागतो. कोणी ऐकणारा असल्याशिवाय एवढं कोण मागेल? माझंही सांग देवाला."

"तुमचं तुम्ही सांगा. मी दमलेय," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पातेलं हातातच राहिलं, कारण बाहेरून आवाज यायला लागला. बसका, पण जुनाच, मिठाच्या वादातला. शाळेच्या भिंती काढल्या, खोकला काढला, शिडीवरून पडल्याचं जुनं दुखणं काढलं. हिशेब विचारावा तसा देवाला फैलावर घेत होता. तिला हसू आलं. मग आवाज खाली आला.

"आणि हिचं काय? गुडघे बघितलेस हिचे? माझ्यापायी झिजली ती. मला तू नेणार, ने. पण हिला असंच टाकलंस तर मी तिथे येऊन भांडेन."

तिने पातेलं खाली ठेवलं. उभ्या जन्मात तिच्या बाजूने कोणी भांडलं नव्हतं. ती ओट्याला टेकून रडली, आणि त्याचं संपेपर्यंत बाहेर गेली नाही.