जाऊबाईंसाठी गेलेली गाडी

“चोर निघून गेल्यावर पोलीस तिथे जाऊन नेमकं करतात काय?” हा प्रश्न पोलिसांच्या फोन-कक्षाच्या साहेबांनी मला विचारला होता. कक्षाच्या कामकाजाचा अभ्यास करायला गेलो होतो मी, आणि प्रश्न विचारत होते ते. साहेबांच्या मते ते काहीच करत नाहीत. म्हणून सायकल गेली, पाकीट हरवले, शेजारी भिंतीवर पाणी सोडतो, असल्या तक्रारी फोनवरच ऐकायच्या, नोंद क्रमांक द्यायचा आणि गस्तीच्या गाड्या खऱ्या निकडीसाठी मोकळ्या ठेवायच्या.

कक्षात हे फोन घेणाऱ्या हवालदारबाई या कामावर आल्या त्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे. उभी नोकरी गस्तीवर काढलेल्या या बाईंना खुर्ची चावत असे. रिसीव्हर कानाला लावून त्या वायर पुरेल तेवढे चालत, ती ताणली की वळत.

“बाई, बसा की जरा. आम्हाला गरगरतंय,” शेजारचा लिपिक म्हणे.

“मग डोळे मिटा. तसंही कामात उघडे कुठे असतात?”

गुडघा आता बरा होता. गस्तीवर परतण्याचा त्यांचा अर्ज साहेबांपाशी पडून होता आणि शिफारशीला एकच अट होती: सहा महिने विनाकारण एकही गाडी पाठवायची नाही. मुदत संपत आली होती. अशात एका दुपारी त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. कुलूप तोडून कोणीतरी शिवणयंत्र नेले होते.

“चोर अजून घरात आहे?” बाईंनी ठरलेला पहिला प्रश्न विचारला.

“नाही.”

“कुणाला लागलंय?”

“नाही.”

“जाऊबाई, मी बोलतेय. ओळखलंत ना?”

“हो.”

नियमाप्रमाणे इथे क्रमांक देऊन फोन ठेवायचा. पण दुधाचा विषय निघाला तरी गवळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्यावाचून न थांबणाऱ्या जाऊबाई एकेका शब्दावर आल्या होत्या. हवालदारबाईंनी वायरलेस उचलला आणि गाडी पाठवली.

साहेबांनी संध्याकाळीच बोलावले. “घरच्यांसाठी सरकारी गाडी?”

“त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, साहेब.”

“आवाज नोंदीत कसा लिहू?”

बाई सलाम ठोकून पुन्हा फोनवर गेल्या.

जाऊबाईंनीही दारातच झाडले. “दोघं आले, पाणी प्यायले, कुलूप न्याहाळलं आणि गेले! एवढ्यासाठी नाव खराब केलंस? अक्कल गहाण टाकली होतीस?”

“तुम्ही बोलत नव्हतात म्हणून.”

“मग काय गाणं म्हणू?” मग त्या म्हणाल्या, “दारात गाडी दिसेपर्यंत पायरीवरून उठवत नव्हतं, हे मात्र खरं.”

अर्ज शिफारशीविना परत आला. बाईंना त्याहून अधिक छळत होती ती दुसरीच गोष्ट. अशीच एकेका शब्दाची उत्तरे परक्या बाईने दिली असती, तर आपण क्रमांक देऊन मोकळ्या झालो असतो, याविषयी त्यांना शंका नव्हती. त्यानंतर त्या प्रत्येकाला, आवाजाचा अंदाज येईपर्यंत, बोलते ठेवू लागल्या. सायकलचा रंग, कुलूप कुणी आणले, घरात आणखी कोण आहे, असे काहीबाही विचारत. फोन लांबत, मागचे खोळंबत, साहेब करवादत. बाईंचा चालण्याचा वेग तेवढा वाढला होता.

पुढे त्यांनी आणखी दोनदा अर्ज केला. २०२१च्या मे महिन्यात त्या फोन-कक्षातूनच निवृत्त झाल्या.