मणेरणीची पायरी

पौडच्या पेठेतली ती कौलारू दुमजली इमारत आधी भाताची वखार होती. मग तिच्यात रेशनचं दुकान आलं. तेही गेल्यावर वरचा मजला कबुतरांनी घेतला आणि खालची खोली जोहराबी मणेरणीनं. दोघांत आवाज जास्त कुणाचा, यावर पेठेत मतभेद होते.

जोहराबी नुसत्या बांगड्या विकत नसे, भरत असे. दगडी पायरीवर बाईला बसवायची, हात ओला करून बोटं चेपायची आणि माहेरची चौकशी करता करता काचेची बांगडी मनगटावर उतरवायची. खोऱ्यातल्या बाया बाजाराला आल्या की पोरींची लग्नं, सासवांच्या कागाळ्या, सगळं त्या पायरीवर निघायचं. आता हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरींच्या हातात घड्याळं असतात, काचेची बांगडी लग्नापुरती. ते भरल्या बाजाराचे दिवस जोहराबी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसे.

पण तिचा खरा सल वेगळाच होता. इमारतीची मालकीण सगुणाबाई तिची जुनी मैत्रीण. सगुणाबाईचा नवरा गेल्याला पुष्कळ वर्षं झाली, आणि तेव्हापासून ती स्वतःच्याच इमारतीची पायरी चढली नव्हती. विधवेनं बांगड्यांच्या दुकानात जाऊ नये, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही. रोज यायची आणि रस्त्यावर उभ्या उभ्याच तासभर बोलायची. जिच्या लग्नाचा हिरवा चुडा आपण भरला, ती अशी उन्हात ताटकळलेली पाहून जोहराबीचा जीव तुटायचा.

यंदा सगुणाबाईच्या मुलानं, जयसिंगनं, इमारत पाडून तीन मजली बांधायचं ठरवलं. जोहराबीला त्यात काचेच्या दाराचा गाळा मिळणार होता. शेवटच्या दिवशी खोक्यांत माल भरताना तिनं रस्त्यावरच्या सगुणाबाईला हाक मारली.

"अक्का, वर ये. हात दे."

"लोक काय म्हणतील गं?"

"लोक हायेतच की. पायरी उद्या न्हाई. मग चडायचं म्हणलीस तरी कुटं चडशील?"

सगुणाबाई बराच वेळ घुटमळली. मग पदर सावरून वर आली आणि खाली मान घालून बसली. हाताची हाडं वर आली होती. जोहराबीनं जपून एकेक बांगडी चढवली, हिरवीच. डावा हात भरून झाला आणि माल न्यायला टेम्पो घेऊन जयसिंग दारात उभा.

सगुणाबाईनं भरलेला हात झटकन पदराखाली घेतला. पोरगा एक शब्द वाकडा बोलला, तर ही सगळ्या बांगड्या उतरवून ठेवणार, हे जोहराबीला पक्कं ठाऊक होतं. जयसिंगची नजर त्या पदरावर गेली.

"गाडी जरा तितंच थांबव," सगुणाबाई त्याला म्हणाली, आणि तिनं दुसरा हात जोहराबीपुढं केला. "अजून ह्यो राह्यलाय."