हळदीतला दुसरा उंचवटा

माझी शाळा सातवीत सुटली. नवरा गेल्यावर कोकणातून एवढ्या लांब हिंगोलीला आले ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून. एकच धाकधूक असायची, आपल्या हातून काही फुटलं तर? घरमालकीण भाभींनी मला जेवणासकट सांभाळलं. तापात कपाळावर हात ठेवला तोही त्यांनीच. त्यांचे उपकार मी कुठे फेडणार?

प्रयोगशाळेत मॅडम गोळ्यांतलं औषध आणि खाण्याच्या पदार्थांतला रंग मोजायच्या. पेन्सिलीसारखी एक कांडी, तिच्या टोकाला कार्बनचा काळा ठिपका. ती द्रावणात बुडवून वीज सोडली की संगणकावर रेघ उमटते आणि जो पदार्थ असेल त्याच्या ठरलेल्या जागी तिला उंचवटा येतो. दर वेळी ते टोक मखमलीवर पांढरी भुकटी टाकून घासावं लागतं, नाहीतर मागचा पदार्थ पुढच्यात डोकावतो. ते घासणं माझ्याकडे.

भाभींचे यजमान, आमचे भाई, हळद दळायचे. औंदा त्यांना लेकीच्या नावानं पुड्या विकायला काढायच्या होत्या.

"ताई, तुमच्या मशीनला दाखवा ना," भाई म्हणाले. "मॅडम एकदा चांगली म्हणल्या की झालं."

भाभी हसल्या. "मशीनला म्हणावं, घरचा माल हाय, जरा लिहाज ठेव."

हळदीचा उंचवटा आला आणि दुसराही आला, कपडे रंगवायच्या पिवळ्या रंगाच्या जागी. मॅडमनी त्या जागेवर बोट ठेवलं. मीच म्हणाले, टोक नीट घासलं नसेल माझ्याकडून. जन्मात पहिल्यांदा देवाला म्हटलं, चूक माझी निघू दे. बोटं दुखेपर्यंत घासलं. हळद न टाकता रेघ सपाट, हळद टाकली की तो दुसरा उंचवटा आहेच. पुन्हा घासलं. शेवटी मॅडमनी कांडी हळूच माझ्या हातातून काढून घेतली. "पुरे आता."

भाईंना ओट्यावर सांगितलं.

"मी तर काहीच टाकलं न्हाई," ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. हळकुंडं त्यांनी पॉलिशला वारंगा फाट्याकडे दिली होती. "ड्रम फिरून राहिला तवा तो पॉलिशवाला पिवळं पाणी मारत व्हता. सगळ्यांच्याच मालाला मारतेत. मला वाटलं, हळदीचंच असंल. मीच म्हणलो त्याला, चमक बराबर आली पायजे."

सगळी पोती त्यांनी खड्डा करून पुरली. विकून टाक, कोण बघतंय, असं म्हणणारे कमी नव्हते. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. ताटही येत राहिलं, पण आता लेक आणायची आणि उंबऱ्याशी ठेवून जायची. भाभी माझ्या खोलीत यायच्या थांबल्या.

उन्हाळ्यात गिरणी मोडून ती माणसं नांदेडला भाभींच्या भावाकडे निघाली. टेम्पोत सामान चढलं होतं. भाभींनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला.

"अजून एकदा घासून बघायचं व्हतं ना, ताई."

मी नुसती मान हलवली. मखमल विरून फाटेपर्यंत घासलं होतं, हे त्यांना सांगवेना.