सुमनची पट्टी

नव्या कॉम्प्युटरवर आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतात. वरची माझ्या धाकट्या जावेची, सुमनची, खालची माझी. भोंडल्याची गाणी आम्ही अशीच एकीच्या आवाजावर दुसरीचा आवाज चढवून रेकॉर्ड करायचो. सुमन गेली. तिच्या राहिलेल्या गाण्यात मी माझा आवाज भरायला बसले, तर मेलं हे यंत्र मला दर ओळीला मागे पाडतंय!

"आई, चूक तुमची नाही, मशीनच आवाज उशिरा घेतंय," सून म्हणाली. "काकूंचा आवाज जरा मागे सरकवू?"

"हात लावून तर बघ!"

बाजारातसुद्धा ही बया चार पावलं पुढेच असायची. धाकटी असून जातानाही रांग मोडून गेली. आता सरकवून थांबवलेली सुमन काय कामाची? माझीच पट्टी पुढे ओढ म्हटलं सुनेला. येतेय गं भवाने, धावत येतेय.