आबांच्या वाटचं ऊन

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, न्यूमोनिया झाला तेव्हा आईचा सगळा राग एका रिपोर्टवर निघाला. बारामतीच्या दवाखान्यात आबा ऑक्सिजनवर होते, आणि डॉक्टर सांगत होते की त्यांच्या अंगात ड जीवनसत्त्वही फार कमी आहे. जन्म शेतात गेलेल्या माणसाला ऊन कमी पडलं, हे आईला पटेना. तुमचं मशीनच बिघडलं असेल, असं तिनं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.

मला मात्र पटलं. आमच्या गावी, डाळजला, रानात वीज बहुतेक रात्रीचीच येते. आबा रात्रभर उसाला पाणी देणार आणि दिवसा झोपणार. उसात शिरायचं तर पात्यांनी अंग कापतं, म्हणून लांब बाह्या आणि डोक्याला गच्च टॉवेल. ऊन लागणार कुठून?

डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पुडी लिहून दिली, आठवड्याला एक, दुधातून. आईला हुरूप आला. डोस म्हटलं की तिला खत आठवतं, आणि मागं राहिलेल्या उसाला खत घालताना ती कधी हात आखडत नाही. मेडिकलमधून आणलेल्या सगळ्या पुड्या ती एकाच पेल्यात ओतायला निघाली. मी पेला धरला, ती सोडेना. शेवटी डॉक्टरांनी समजावलं. कमी आहे ते पुडीनं भरून निघेल, पण न्यूमोनिया पुडीनं जाईल असा भरवसा देता येत नाही, त्याच्यासाठी अँटिबायोटिक आणि ऑक्सिजन चालू आहे. शिवाय एकदम जास्त दिलं तर किडनीला धोका.

"मग मी काय करू?" आईनं विचारलं.

त्यांच्याजवळ बसा, असं डॉक्टर म्हणाले. आता नुसतं बसणं आईला कुठलं जमायला! तिनं खाट खिडकीशी ओढली. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, असं नर्सनं सांगितलं, तरी पडदा काही तिनं लावू दिला नाही. तिचा हा हट्टीपणा मला फार आवडतो. त्या दिवसांत मात्र मी बाहेर जाऊन रडायचे. आबा गेले तर ही कुणावर चिडणार, हाच विचार डोक्यात यायचा.

हळूहळू आबांचा श्वास सुधारला, नळी निघाली. घरी आल्यावर आईनं अंगणात बाज टाकली आणि त्यांच्या बाह्या स्वतः वर सारल्या. ऊन सरकलं की बाजही सरकायची. पुडी लागू पडली, असं ती शेजारणींना सांगते. मी वाद घालत नाही.

एका सकाळी तव्यावर भाकरी टाकून ती बाज सरकवायला आली आणि लगेच आत निघाली. आबांनी तिचा पदर धरला. माझ्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"बस हितं," ते म्हणाले. "रातच्याला म्या पाणी धरायचो, तवा बांधावर बॅटरी घिऊन तूच हुतीस की. दिवसा चूल. तुला तरी कवा ऊन गावलं?"

"भाकरी करपंल," आई म्हणाली, पण बसली.

भाकरी मी उलटली.